मामा, विहिरीचं सांगून टाकलं

मामा, तू गेलास त्या सकाळी मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्यापाशी मला कधी खोटं वागता आलं नाही, एक गोष्ट सोडली तर. चार महिने तू पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपत होतास. श्वास आत जाताना एक शीळ, बाहेर येताना दुसरी. मामी म्हणायची, घरात दोन पिपाण्या पाळल्यात. त्या दिवशी उजाडता उजाडता त्या दोन्ही थांबल्या. मामीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींच्या छातीतून एकाच वेळी एवढा मोठा श्वास सुटला की आमच्या आम्हालाच लाज वाटली. सुटलास बाबा, हेच माझ्या मनात पहिलं आलं. मग शेजारच्या बायका आल्या, त्यांनी रीतसर गळे काढले, आणि मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी राहिले. डोळे कोरडे होते आणि बऱ्याच दिवसांनी खांदे हलके वाटत होते. तू असतास तर म्हणाला असतास, सुमे, रडणं आपल्याला जमत नाही, तू चहाच कर.

ही झाली तुझी सुटका. माझी झाली ती तेराव्याला, आणि ती तुला नीट सांगायला हवी. कोपरीतल्या आपल्या विहिरीवरून लोक आठ वर्षं तुला हसले. ते हसू माझ्या वाट्याचं होतं. मी ते गुपचूप तुझ्या अंगावर पडू दिलं. तू जायच्या आत चार लोकांत हे कबूल करायचं, असं मी मनाशी कितीदा ठरवलं असेल. ते तू असेपर्यंत झालं नाही.

मी तुझ्याकडे आले तेव्हा अकरा वर्षांची होते. गावात इंग्रजी शाळा नव्हती आणि आईने आपल्या धाकट्या भावाला पत्र घातलं की पोरगी हुशार आहे, तुझ्याकडे ठाण्याला ठेवून घे. पहिल्या आठवड्यात मी समुद्रासाठी रडले. आपल्या घरापासून साठ पावलांवर पुळण, रोज वाळूत पाय भरायचे, आणि इथे नुसत्या गिरणीच्या भिंती. तू मला हाताला धरून कोपरीच्या धक्क्यावर नेलंस. ओहोटी होती. समोर काळाशार चिखल, त्यात तिवरांची खुंटासारखी वर आलेली मुळं, मधून एक पाण्याची बारीक वाट आणि असंख्य खेकडी. मी म्हटलं, मामा, समुद्र कुठाय? तू म्हणालास, "हाच म्हणतात इथले लोक. मी सहा वर्षं ऐकून घेतोय." आपण दोघांनी मिळून त्या खाडीला खूप नावं ठेवली आणि मला जरा बरं वाटलं.

पुढे मीच फितले, असं तुझं म्हणणं. भूगोल घेऊन बी.ए. करायला गेले आणि खाडीची बाजू घ्यायला लागले. रविवारी जेवण झालं की आपण धक्क्यावर जायचो आणि तू मुद्दाम काडी टाकायचास की समुद्राला लाटा असतात, वाळू असते, खडपं असतात. ज्याला यातलं काही नाही तो समुद्र कसला. मी म्हणायचे, पाणी तेच आहे रे मामा, भरती-ओहोटीही तीच. फरक आहे तो जागेचा. आपल्या गावाला उघडा समुद्र येऊन आपटतो. तिथे बारीक गाळ टिकूच शकत नाही, लाटा तो ढवळून दूर नेतात आणि जड वाळू तेवढी मागे राहते. इथे डोंगराच्या आडोशाला पाणी दमून येतं, थांबतं, आणि थांबलं की हातातलं सगळं खाली ठेवतं. वरून पाऊस डोंगराची माती आणतो तीही इथेच बसते. त्या मातीत तिवर रुजतं, तिवराच्या मुळांत आणखी माती अडकते. तू सगळं ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "म्हणजे चिखलच ना?"

एकदा मी तुला हट्टाने घोडबंदर रोडच्या बसने गायमुखला नेलं. तिथे डोंगराचा पाय थेट खाडीत उतरतो. म्हटलं, बघ, काळा पाषाण आहे, आपल्या खडपांइतकाच टणक. जिथे पाणी पळतं तिथे तो धुतलेला आहे आणि शंभर पावलांवर जिथे पाणी आत वळून उभं राहतं तिथे ढोपरभर चिखल. एकच खाडी, एकच डोंगर, आणि दोन किनारे. तू खडकावर बसून डब्यातली घावनं खाल्लीस, पाण्यात हात घालून पाहिलास, आणि परतीच्या बसमध्ये म्हणालास की जागा छान आहे पण समुद्र नव्हे. मी तुझ्याशी भिवंडीच्या फाट्यापर्यंत बोलले नाही.

तुझ्याकडे एक हुकमी पान असायचं. श्रावणात आपली पुळण नाहीशी होते. मोठ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि खालचे दगड उघडे पडतात. लहानपणी तू त्या दगडांवरून पडून कपाळ फोडून घेतलं होतंस, ती खूण तू पुरावा म्हणून दाखवायचास. आणि दिवाळीला सगळी वाळू जागच्या जागी. "आपला समुद्र नेतो ते परत आणून देतो. तुझी खाडी नुसती गिळते." मी सांगायचे की खाडी गिळत नाही, साठवते, मी आले तेव्हा धक्क्याच्या नऊ पायऱ्या दिसायच्या, आता सहा दिसतात. तू म्हणायचास की मग एक दिवस ती स्वतःच बुजेल आणि वर लोक घरं बांधतील. मी म्हणायचे, भरतीचं पाणी आपली वाट मोकळी ठेवतं, ती इतक्यात बुजायची नाही. हा वाद आपण बारा वर्षं घातला. तो अर्धवट राहिला, आणि खरं सांगू, तो मिटला नाही याचं मला बरंच वाटतं.

आता विहीर.

स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या वर्षी आपल्याकडच्या पाच कुटुंबांनी मिळून कोपरीच्या कडेला, खाजणाला लागून, जमीन घेतली. खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून सोडवलेली भातजमीन. तिच्यावर दोन हात मुरूम टाकून आपण बैठी घरं बांधली. तुला त्या घरांचा काय आनंद झाला होता. तू गिरणीतून आलास की कपडेही न बदलता माडाची रोपं कुठे लावायची ते पावलांनी मोजायचास. फक्त पाणी नव्हतं. नळ थेट स्टेशनजवळ, जाऊन-येऊन अर्धा तास, वर रांग. पाचही घरांतल्या बायका दोन-दोन खेपा घालायच्या. तू सगळ्यांना म्हणालास, विहीर खणू. कोकणातला माणूस विहिरीवाचून घराला घर म्हणत नाही. आपल्या माडाच्या बागेत समुद्रापासून साठ पावलांवर दहा हातांची विहीर आहे आणि तिचं पाणी नारळाच्या पाण्याशी स्पर्धा करतं. तेव्हा इथेही करेल, असा तुझा सरळ हिशोब.

शेजारच्या खाजणात हिराजी भोईर भात करायचे. बांधाची उघाडी, म्हणजे भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी करायची ती लाकडी दारं, त्यांच्याच ताब्यात असायची. ते वयाने तुझ्याहून मोठे, पण सगळ्यांसारखे तुला मामाच म्हणायचे. त्यांनी जागा पाहिली, मुरूम बाजूला करून खालची माती उकरली, आणि चिमूटभर तुझ्यापुढे धरली. "चाटून बघ, मामा. यो गाल दर्याचा हाय, रेती नाय. खाली जाशील तवरा खाराच लागंल." तू चाटलीस. घरी आलास तेव्हा तुझं तोंड उतरलं होतं.

मी स्वयंपाकघरात पाटावर बसून वह्या तपासत होते. शाळेत लागून मला पाच महिने झाले होते. तू हळूच येऊन समोर बसलास आणि म्हणालास, "काहीजण पाण्याची जागा दाखवायला पायाळू माणूस आणा म्हणतात. घरात भूगोल असताना पायाळू कशाला? तू सांग." मी पाटी घेतली. समुद्र काढला, किनारा काढला, मध्ये विहीर. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगतं, म्हणून समुद्राच्या अगदी काठालाही गोडी विहीर लागते, फार खोल जायचं नाही इतकंच. नुकतीच परीक्षेत लिहिलेली आकृती, हात सरसर चालला. तू विचारलंस, मग हिराजी म्हणतात तो गाळ? मी म्हटलं, हिराजींचा अनुभव भाताचा आहे, मामा, विहिरीचा नाही.

हे वाक्य मी बोलले आहे. आठ वर्षांत ते मी मनातल्या मनात कितीदा ऐकलं असेल, याला काही गणती नाही.

मी जागा पाहायलासुद्धा गेले नाही. दोनशे पावलांवर होती. धक्क्यावर उभं राहून वाळू आणि गाळ यांतला फरक तुला बारा वेळा समजावणारी मी, पाटीवर किनारा काढताना ती रेघ वाळूची की गाळाची, हे मनातसुद्धा आणलं नाही. आकृती गावच्या विहिरीची होती आणि मी तुझ्यासारखीच मनाने गावात बसून होते. तू ती पाटी कागदावर उतरवून घेतलीस आणि संध्याकाळी अंगणात पाचही घरच्यांना समजावून सांगितलीस, अगदी स्वतःला सुचल्यासारखी. मला आतून ऐकताना हसू येत होतं. तू माझं श्रेय खाल्लंस याचा मला तेव्हा थोडा रागही आला होता.

विहीर खणायची ती वैशाखात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण कुणाला दम नव्हता. दिवाळी झाली आणि तुम्ही पाचजण सुट्टीच्या दिवशी कुदळी घेऊन उतरलात. नवव्या हाताला पाणी लागलं. तू पहिली ओंजळ प्यायलास, दुसरी ओंजळ प्यायलास आणि मग मामीला हाक मारलीस. गोडं होतं. बायकांनी विहिरीची ओटी भरली, नारळ फुटला, गूळ वाटला. हिराजीही आले, प्यायले, मान डोलावली आणि जाताना एवढंच म्हणाले की शिमग्याला बघू. आपण त्यांना जास्तीचा गूळ दिला.

ते पाणी वरच्या मुरुमात मुरलेलं आणि कडेने झिरपून तळाशी साठलेलं पावसाचं होतं, हे आता मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. माघात डाळ शिजेना. मामीने आधी वाण्याला दोष दिला, मग लाकडांना. चहाला काहीतरीच चव यायला लागली. तू म्हणायचास, जिभेला सवय नाही, होईल. शिमग्याला पोरांनी रंग खेळून तोंड धुतलं आणि थुंकली. तुझ्या माडांची पानं टोकाकडून करपली. पाच घरांतल्या बायकांनी पुन्हा हंडे उचलले आणि गल्लीच्या तोंडाशी नळ येईपर्यंत, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत, ते खाली ठेवले नाहीत.

त्या शिमग्याला मी दोन डब्यांना खिळ्याने भोकं पाडली. एकात गावाहून आलेली वाळू भरली, तुझ्या तुळशीवृंदावनातली, आणि दुसऱ्यात विहिरीच्या काठावरचा गाळ. दोन्हींवर तांब्या-तांब्या पाणी ओतलं. वाळूतून ते लगेच खाली उतरलं. गाळावर दोन दिवस तसंच उभं होतं. पावसाचं पाणी त्या गाळात शिरणारच नव्हतं, आणि त्याच्या पोटातलं शेकडो वर्षांचं मीठ बाहेर पडणार नव्हतं. चाटून बघ म्हणणाऱ्या माणसाला हे डब्यांशिवाय कळत होतं.

मी डबे घासून जागेवर ठेवले आणि गप्प बसले. त्या पाच घरांतल्या तीन मुली माझ्या वर्गात होत्या. भूगोलाच्या बाईंनी खारी विहीर खणायला लावली, हे शाळेत गेलं असतं तर मी मेलेच असते, असं मला बाविसाव्या वर्षी वाटत होतं. लोक तुला विचारत, काय मामा, कुणी सांगितलं होतं? तू म्हणायचास, माझाच अंदाज चुकला. पहिल्यांदा तू तसं म्हणालास तेव्हा मी दारात उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मग तुला खारेमामा म्हणायला लागले. पोस्टमन म्हणायचा, वाणी म्हणायचा. पुढे त्यात टिंगल कमी आणि माया जास्त होती, हे मला कळतं, पण ते नाव कानावर पडलं की मी आपली पदराचं टोक चाचपत बसायचे. लग्न होऊन डोंबिवलीला गेले तेव्हा त्या दुःखात एक चोरटा आनंद असा होता की आता ते रोज ऐकावं लागणार नाही.

शाळेत किनाऱ्याचा धडा मी एका तासात उरकायचे. मुली विचारायच्या, बाई, आकृती? मी म्हणायचे, पुस्तकात आहे, पाहून घ्या.

तू जायच्या आधीच्या रविवारी मी ठरवूनच आले होते. मामी देवळात गेली होती. तू उशांना टेकून खिडकीतून तिवरांकडे पाहत होतास. मी म्हटलं, मामा, विहिरीचं माझं चुकलं. तू खिडकीवरची नजर माझ्याकडे वळवलीस. मग श्वास गोळा करत, तुकड्या-तुकड्यांनी बोललास. "अगं, तू नको म्हणाली असतीस तरी मी खणलीच असती. मला फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं होतं."

मामा, खरं सांगते, मला आधी राग आला. आठ वर्षं मी जीव खाल्ला स्वतःचा, आणि तू म्हणतोस माझ्या आकृतीवाचूनही खणली असतीस. मग हसू आलं. मग काय झालं ते माहीत नाही, पण तुझ्या पायाशी डोकं टेकून मी पोटभर रडले. ते रडणं त्या दिवशी झालं, म्हणून बहुतेक तू गेलास तेव्हा उरलं नव्हतं. तू विचारलंस, "तुझं चित्र बरोबर होतं ना पण?" मी म्हटलं, चित्र बरोबर होतं, जागा चुकली. "मग झालं तर." थोड्या वेळाने तू डोळा मिचकावलास आणि म्हणालास की आता शेवटचं कबूल कर, खाडी म्हणजे समुद्र नव्हे. मी म्हटलं, मरेपर्यंत कबूल करणार नाही. तू हसलास, खोकलास, मी पाणी दिलं. माफ कर, हे शब्द मात्र राहूनच गेले. पुढच्या रविवारी म्हणू असं वाटलं होतं, पण मामीचं बोलावणं त्याआधीच आलं.

पण तुझ्याशी बोलणं वेगळं आणि लोकांत बोलणं वेगळं. तेराव्याला पाचही घरची माणसं पंगतीला होती, हिराजी होते, गिरणीतले तुझे दोघे-तिघे होते. गोडाचा घास झाल्यावर जरा मोकळं बोलणं सुरू झालं. प्रत्येकजण तुझ्या आठवणी काढत होता आणि फिरून फिरून गाडी विहिरीवर येत होती. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. कुणाचं ऐकलं असतं तर ना. सगळं प्रेमानेच चाललेलं. मी वरणाचं पातेलं घेऊन ओळीच्या मध्यावर होते. पळी पातेल्यात ठेवली आणि म्हटलं, "मामांनी ऐकलं होतं. माझं ऐकलं होतं. ती आकृती माझी."

मग मी वरणाचं पातेलं हातात घेऊनच पाटी, वाळू, गाळ, दोन डबे, सगळं सांगितलं. हिराजींना उद्देशून म्हटलं की तुमचा अनुभव भाताचा आहे, असंही मी म्हणाले होते. हिराजींनी मान वर केली नाही, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हंडे वाहून ज्यांचे खांदे गेले त्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी मुकाट्याने घेतले असते.

तेवढ्यात मामी आतून बाहेर आली. तिने पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "माझं माहेर खाडीकाठचं. आमच्याकडे गाळात कुणी विहीर खणत नाही. दोघांपैकी एकाने मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

ती त्या दिवशी तिथेच होती, मामा. मी पाटीवर समुद्र काढत होते आणि ती दोन हातांवर चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तू भूगोलाला विचारलंस, मी पुस्तकाला विचारलं, आणि खाडीत जन्मलेली बाई आपल्याला भाकरी वाढत होती. तिने सात वर्षं रोज दोन वेळा तो हंडा वाहिला आणि हे एकदाही बोलून दाखवलं नाही. मी विचारलं, मामी, मग तेव्हाच का नाही बोललात? ती म्हणाली, तुम्ही दोघं किती खुशीत होतात. आधी हिराजी हसले, मग त्या बायका हसल्या, आणि तुझ्या तेराव्याला पंगत पोट धरून हसली. मला वाटतं तुला ते आवडलं असतं. मी वरण वाढलं, भात वाढला, आणि कितीतरी वर्षांनी त्या अंगणात ताठ मानेने फिरले.

परवा, फाल्गुन लागल्यावर, मी माझ्या वर्गातल्या मुलींना कोपरीला घेऊन गेले. मुख्याध्यापिकाबाईंना परवानगी मागताना कारणही खरं सांगितलं. ओहोटीची वेळ साधली होती. धक्क्यावर उभ्या राहून मुलींनी नाकाला पदर लावले, मग तिवराची मुळं पाहिली, मग त्यांतल्या धीटांनी चपला हातात घेऊन चिखलात पाय घातले आणि तो पाय बाहेर काढताना किती जोर लागतो ते अनुभवलं. मी त्यांना आपल्या गावच्या पुळणीचं सांगितलं, लाटा, खडपं, श्रावणात जाणारी वाळू. तुझ्या कपाळावरची खूणही सांगितली. मग विहिरीवर नेलं. पोहरा सोडून पाणी काढलं आणि प्रत्येकीला बोट बुडवून जिभेला लावायला सांगितलं. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

मग मी आकृती काढली, तीच, जमिनीवर खडूने. ती कुठे खरी ठरते ते सांगितलं, आणि इथे का ठरली नाही तेही. म्हटलं, ही विहीर माझ्या चुकीने खणली गेली, मी जागा न पाहता उत्तर दिलं होतं. मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. बाई चुकतात हे त्यांना ठाऊक असावं, पण बाई ते सांगतात हे नवीन होतं. मागे उभी असलेली एक चष्मेवाली मुलगी, एरवी वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिने हात वर केला.

"बाई, मग तुम्हाला कोण रागावलं नाही?"

मी म्हटलं, नाही. तिला ते पटलं नाही, ती वाट पाहत उभीच राहिली. तेव्हा मी तिला सांगितलं की विहीर माझ्या मामाची होती.